अर्धा तास मुलाचा

पाच मिनिटं. समोर ठोकळ्यांची टोपली आणि आपलं चार वर्षांचं मूल. या पाच मिनिटांत आईनं मुलाला प्रश्न विचारायचा नाही, हुकूम सोडायचा नाही, चूक दाखवायची नाही. सवयीनं तोंडून निघालंच तर तिन्ही मिळून ३ वेळा चालेल, त्यापुढे नाही. उलट तो काय करतोय ते १० वेळा शब्दांत सांगायचं, त्याचंच बोलणं १० वेळा त्याला परत ऐकवायचं, आणि नेमकं काय आवडलं ते सांगून १० वेळा शाबासकी द्यायची. आरशासारख्या दिसणाऱ्या काचेपलीकडे बसलेली समुपदेशक हे सगळं मोजत असते आणि आईच्या कानातल्या छोट्याशा यंत्रातून तिच्याशी बोलत असते. मुलाला ती ना दिसते, ना ऐकू येते.

ही कसोटी आहे ‘पॅरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी’तली, म्हणजे पीसीआयटीतली. शीला आयबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात ही पद्धत बांधायला घेतली, ती साधारण २ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी: जी मारतात, फेकतात, आकांडतांडव करतात आणि कोणाचंच ऐकत नाहीत.

मराठी घरातल्या बहुतेक आया इथे पहिल्याच मिनिटात नापास होतील. आईचं मुलाशी खेळणं कानावर पडतं ते असं: ‘हा कुठला रंग? सांग ना. काल तर सांगितला होतास! अरे, असं नाही, मोठा खाली ठेव. पडेल हं. पडला ना? मी सांगत होते.’ जेमतेम सात वाक्यं. त्यात दोन प्रश्न, दोन हुकूम, एक इशारा आणि दोन टोमणे. यात माया नाही असं कोण म्हणेल? आई जमिनीवर मांडी घालून बसली आहे, गॅसवरचा कुकर विसरून बसली आहे. पण खेळ मुलाचा राहिलेला नाही, त्याची तोंडी परीक्षा सुरू झाली आहे. त्याच जागी ‘छोट्यावर मोठा ठेवलास तू’ एवढंच म्हटलं असतं, मनोरा कोसळल्यावर तो ‘पडलाऽ’ म्हणाला तेव्हा आपणही त्याच्याच सुरात ‘पडलाऽ’ म्हटलं असतं, तर लगाम त्याच्याच हातात राहिला असता. नुसतं ‘शाब्बास’ किंवा ‘गुड बॉय’ या मोजणीत चालत नाही. ‘पडला तरी परत रचायला घेतलास, मला आवडलं’ हे चालतं, कारण त्यात काय आवडलं ते मुलाला कळतं. तोंडावर कौतुक केलं की पोर डोक्यावर बसतं, शिवाय दृष्टही लागते, अशा समजुतीत वाढलेल्या आयांना ही १० ची संख्या डोंगराएवढी वाटली तर नवल नाही.

प्ले थेरपीच्या, म्हणजे खेळातून उपचाराच्या, या शाखेची खरी गंमत तिच्या खेळण्यांत नाही. उपचार कोणी करायचे, या प्रश्नाचं तिनं दिलेलं उत्तर वेगळं आहे. मुलाला डॉक्टरच्या हवाली करून बाहेर बाकावर थांबलेल्या आईला तिनं आत बोलावलं आणि काम तिच्याच हाती सोपवलं. तज्ज्ञ मागे सरकला. हे सुचायला आणि पचनी पडायला मानसशास्त्राला बराच काळ लागला.

तसं पाहिलं तर सुरुवात पालकापासूनच झाली होती. सिग्मंड फ्रॉइडनं १९०९ मध्ये पाच वर्षांच्या ‘चिमुकल्या हान्स’ची कहाणी प्रसिद्ध केली. या मुलाला घोड्यांची विलक्षण भीती बसली होती. उपचार सगळे केले वडिलांनी. ते मुलाशी बोलायचे, टिपून ठेवायचे आणि फ्रॉइडला कळवायचे. उपचारांच्या काळात फ्रॉइडनं त्या मुलाची भेट घेतली ती एकदाच. पण पुढे १९२० च्या दशकात मेलनी क्लाइन आणि अ‍ॅना फ्रॉइड यांनी मुलांचं मनोविश्लेषण हा स्वतंत्र व्यवसाय केला आणि पालक दाराबाहेर गेले. खेळाच्या खोलीत उरले मूल आणि तज्ज्ञ. व्हर्जिनिया अ‍ॅक्सलिन यांचं ‘प्ले थेरपी’ हे पुस्तक १९४७ मध्ये आलं. मूल जसं आहे तसं स्वीकारायचं, वाट त्याला दाखवू द्यायची, घाई करायची नाही, अशी त्यांची आठ तत्त्वं आजही या क्षेत्राचा पाया मानली जातात. तरीही आई बाहेरच होती.

कार्ल रॉजर्स या नामवंत मानसशास्त्रज्ञाच्या मुलीनं, नॅटली फुक्स यांनी, १९५७ मध्ये एक लेख लिहिला. त्यांच्या छोट्या मुलीनं शौचाला जाण्याची धास्ती घेतली होती. वडिलांच्या सल्ल्यानं आणि अ‍ॅक्सलिन यांच्या पुस्तकाच्या आधारानं त्यांनी घरातच ठरलेल्या वेळी तिच्याबरोबर खेळायला सुरुवात केली आणि फरक पडला. एका आईचा, एका घरातला अनुभव एवढंच त्याचं स्वरूप होतं. त्याला पद्धतीचं रूप दिलं ते बर्नार्ड आणि लुईज गर्नी या जोडप्यानं. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात काम करताना बर्नार्ड गर्नी यांनी १९६४ मध्ये ‘फिलियल थेरपी’ची मांडणी प्रसिद्ध केली. सहा ते आठ पालकांचा गट करायचा, अ‍ॅक्सलिन यांच्या धर्तीवर खेळायला शिकवायचं, देखरेखीखाली सराव करून घ्यायचा आणि मग आठवड्यातून एकदा अर्धा तास घरी खेळायला लावायचं.

हा काळ लक्षात घेतला तर या कल्पनेतलं धाडस कळतं. मुलाचं काही बिघडलं की बोट आईकडे, असा तो जमाना होता. स्वमग्न मुलांच्या आया थंड असतात, म्हणून मुलं तशी होतात, हा सिद्धांत तेव्हा विद्वानांत मान्यता पावलेला होता. शिकागोतल्या निवासी शाळेचे प्रमुख ब्रूनो बेटलहाइम यांचं तेच सांगणारं ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ १९६७ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे हा सिद्धांत साफ चुकीचा ठरला, पण तोवर हजारो आयांनी तो डाग वागवला. योगायोग असा, की त्याच १९६७ मध्ये त्याच शिकागोत अ‍ॅन जर्नबर्ग यांच्याकडे गरीब वस्त्यांतल्या लहान मुलांसाठीच्या ‘हेड स्टार्ट’ योजनेची मानसशास्त्रीय सेवा आली. मदत लागणारी मुलं ढीगभर आणि तज्ज्ञ मोजके. जर्नबर्ग यांनी पदव्यांची वाट न पाहता मुलांत रमणारी उत्साही तरुण माणसं गोळा केली, त्यांना शिकवलं आणि कामाला लावलं. त्यातून ‘थेराप्ले’ उभी राहिली. आधी खेळ प्रशिक्षित माणसं घेत; पुढे पालकांनाही त्यात ओढलं गेलं.

थेराप्लेत खेळणी जवळपास नसतातच. हाताला लोशन चोळणं, हातावरचे ओरखडे मोजून त्यांची विचारपूस करणं, कापसाचा बोळा फुंकरीनं एकमेकांकडे ढकलणं, तोंडात घास भरवणं, लपणं आणि सापडणं. मराठी वाचकाला यात परकं काहीच वाटणार नाही. आपडी-थापडी, बुवा-कूक, चिऊ-काऊचे घास, तेल लावताना बाळाचे पाय ओढणं हा सगळा ऐवज आपल्या घरांत होताच. तो आजीकडून आपोआप पोचत होता. आजी गावाकडे आणि आई नोकरीवर, अशा घरांत तो आता शिकवून घ्यावा लागतो, एवढाच फरक. यात कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही.

गर्नींनी आईला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढलं. तिच्यात खोट नाही. एक कौशल्य तिला कोणी शिकवलेलं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. बालविकासाचे अभ्यासक एडवर्ड ट्रॉनिक यांच्या संशोधनानंही याला वेगळ्या बाजूनं बळ दिलं. त्यांचा १९७० च्या दशकातला ‘निर्विकार चेहऱ्या’चा प्रयोग प्रसिद्ध आहे: हसत-बोलत असलेली आई सांगितल्यावर दोन मिनिटं चेहरा कोरा ठेवते. बाळ आधी हसून पाहतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. काहीच परत येत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं, शेवटी रडतं. त्याच्या चित्रफिती पाहून अनेक आया धास्तावतात. पण ट्रॉनिक यांच्या मोजणीतली दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. अगदी सुदृढ नात्यातही आई आणि बाळ यांचे सूर जुळलेले असतात ते जेमतेम तीस टक्के वेळ. बाकीचा वेळ चुकामूक आणि पुन्हा जुळवून घेणं चाललेलं असतं. दिवसभर मुलाच्या तोंडाकडे बघत बसणारी आई या संशोधनाला अभिप्रेतच नाही.

गर्नींच्या अर्ध्या तासाच्या खेळाचे नियम टेक्सासमधले प्ले थेरपीचे तज्ज्ञ गॅरी लँड्रेथ यांनी १० आठवड्यांच्या प्रशिक्षणात बसवले. त्यातला पहिला आठवडा वाचण्यासारखा आहे, कारण त्यात खेळ नाहीच. पालकानं घरी जाऊन आपल्या मुलाच्या अंगावरची, चेहऱ्यावरची एक अशी गोष्ट शोधून आणायची, जी आजवर नजरेत भरली नव्हती. शिवाय मूल आनंदी, दुःखी, रागावलेलं आणि घाबरलेलं कधी दिसलं ते टिपायचं, आणि प्रत्येक वेळी त्याला काय म्हटलं तेही. या दुसऱ्या कामात बरेच पालक अडतात. मूल रडलं की ‘काही झालं नाही, ऊठ’ आणि घाबरलं की ‘एवढ्याला काय घाबरायचं!’ ही उत्तरं जिभेवर तयार असतात. ‘दचकलास तू, मोठा आवाज झाला ना’ हे वाक्य जिभेवर यायला सराव लागतो.

मग खेळाची पेटी येते. ती एरवी बंद. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, एक पालक आणि एकच मूल. बाहुल्यांचं कुटुंब, डॉक्टरचा संच, खेळातला फोन, रंगखडू, मळलेला गोळा, दुधाची बाटली, खोटे पैसे, हातात घालायची बाहुली, रबरी सुरी, खेळण्यातली बंदूक. शेवटच्या दोन वस्तूंवर मराठी पालक हमखास अडतात. पेटीतल्या सुरीचं काम असं, की मुलाचा राग धाकट्या भावावर निघण्याऐवजी बाहुलीवर निघावा आणि आईनं तो पाहावा. आपल्याकडे हा संच विकत आणायची गरज नाही. भातुकली, कणकेचा गोळा, जुना मोबाइल, चिंध्यांच्या बाहुल्या एवढ्यात बरंच भागतं. बाहुल्यांच्या कुटुंबात आजी-आजोबा मात्र हवेत. मुलं त्यांना खेळात कुठे बसवतात ते पाहून घरातले ताण कळतात.

मूल म्हणेल ते, पण वाट्टेल ते नाही. मर्यादा घालायची रीत तीन पायऱ्यांची आहे. मूल आईवर ठोकळा उगारतं. आई म्हणते, ‘तुला माझा राग आलाय, कळतंय मला. पण आईला मारायचं नाही. ती उशी आहे, तिला मार.’ आधी भावना, मग मर्यादा, मग पर्याय. आवाज चढवायचा नाही, भाषण द्यायचं नाही. वेळ संपायच्या पाच मिनिटं आधी सांगायचं, आणि मूल कितीही रेंगाळलं तरी वेळेवर पेटी बंद करायची. आणखी एक नियम घरोघरी मोडला जातो: दिवसभर त्रास दिला म्हणून त्या दिवशीचा खेळ रद्द करायचा नाही. खेळ हे बक्षीस नाही, त्यामुळे शिक्षा म्हणून तो काढूनही घेता येत नाही.

याचा उपयोग होतो का? स्यू ब्रॅटन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्ले थेरपीवरचे ९३ अभ्यास एकत्र तपासले. परिणामाचं माप व्यावसायिकांनी केलेल्या उपचारांसाठी ०.७२ निघालं आणि प्रशिक्षित पालकांनी केलेल्या उपचारांसाठी १.१५. आई तज्ज्ञापेक्षा सरस ठरली, असा त्याचा डिंडिम वाजला. थोडा सबुरीनं वाचावा असा हा आकडा आहे. जुन्या अभ्यासांत गट लहान होते, आणि फरक पडला की नाही हे बऱ्याचदा स्वतः मेहनत घेतलेल्या पालकांनीच सांगितलेलं असे. पुढे मूल-केंद्री प्ले थेरपीच्या ५२ अभ्यासांची अधिक कडक छाननी २०१५ मध्ये झाली, तेव्हा माप ०.४७ वर आलं. फायदा आहे, पण जादू नाही.

त्यापेक्षा ओक्लाहोमातला अभ्यास अधिक बोलका आहे. मुलांना मारहाण केल्याची नोंद झालेले ११० पालक त्यात होते. निष्कर्ष २००४ मध्ये आले. साधारण सव्वादोन वर्षांच्या पाठपुराव्यात, नेहमीच्या समुपदेशन गटातल्या ४९ टक्के पालकांविरुद्ध पुन्हा मारहाणीची तक्रार झाली. पीसीआयटी घेतलेल्या पालकांत हे प्रमाण १९ टक्के होतं. इथे तक्रार नोंदवणारे पालक नव्हते, सरकारी यंत्रणा होती; म्हणून या आकड्याला वजन आहे.

काच, कानातलं यंत्र, टेक्सासची पेटी हा सगळा श्रीमंत देशांचा सरंजाम आहे असं वाटत असेल, तर जमैकाकडे पाहावं. किंगस्टनच्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी ९ ते २४ महिन्यांची, वाढ खुंटलेली १२९ मुलं निवडली. त्यातल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास जाई, अशी दोन वर्षं. पिशवीत प्लॅस्टिकच्या बाटल्या, खोकी, चिंध्या यांपासून केलेली खेळणी. ती घरी ठेवायची, पुढच्या आठवड्यात बदलायची. सेविकेनं मुलाशी खेळून निघून जायचं नाही, आईला खेळायला लावायचं आणि आईचं कौतुक करायचं, अशी तिला शिकवण होती. ही मुलं बाविशीत आली तेव्हा त्यांची कमाई, भेटी न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा २५ टक्के जास्त निघाली. या पद्धतीचा कित्ता पुढे बांगलादेशात आणि आपल्याकडे ओडिशातही गिरवला गेला. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळच्या खायेलित्शा वस्तीत, त्याच वस्तीतल्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या बायकांनी ४४९ गरोदर बायकांवरच्या अभ्यासात घरभेटींचं काम केलं. दीड वर्षाच्या वयाला, भेटी मिळालेल्या घरांतल्या ७४ टक्के बाळांचं आईशी नातं सुरक्षित आढळलं. इतरांत ६३ टक्के.

आपल्याकडच्या कोसबाडचं नाव इथे घ्यायलाच हवं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी आदिवासी पाड्यावरच्या अंगणात न्यायची, आणि खेळाचं साहित्य बिया, शिंपले, पानं, दगड यांचं करायचं, हे त्यांनी जमैकाच्या कितीतरी आधी करून दाखवलं. मात्र त्यांचा रोख शिक्षणावर होता. आई-मुलाचं नातं हाच उपचाराचा विषय, ही दृष्टी नंतरची.

आणि त्या नात्यातली आई स्वतःच खचलेली असेल तर? गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी जिल्हा रुग्णालयात आलेल्या २७० गरोदर बायकांचा पाठपुरावा केला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आया नैराश्यात सापडल्या. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी या गोष्टींनी त्याचा धोका वाढलेला दिसला. अशा बाईला ‘रोज मुलाबरोबर हसून खेळ’ असं सांगणं म्हणजे तिच्या ओझ्यावर आणखी एक वीट ठेवणं. पुढे गोव्यातच ‘सखीं’चा प्रयोग झाला. प्रशिक्षण घेतलेल्या साध्या घरच्या बायका नैराश्यातल्या गरोदर बायकांना आणि बाळंतिणींना भेटत, ऐकून घेत, आईच्या तब्येतीबद्दल, बाळाशी खेळण्या-बोलण्याबद्दल आणि घरच्यांच्या मदतीबद्दल त्यांच्याशी टप्प्याटप्प्यानं काम करत. सहा महिन्यांनी नैराश्यातून सावरलेल्यांचं प्रमाण या गटात अधिक दिसलं. फरक डोळे दिपवणारा नव्हता. पण त्यातला क्रम महत्त्वाचा आहे: बाळाशी खेळण्याचा विषय आईची विचारपूस झाल्यावरच येतो.

महाराष्ट्रात हे काम करायचं तर ते अंगणवाडीताईंच्याच गळ्यात पडणार. वजन-उंची, आहारवाटप, नोंदवह्या आणि मोबाइलवरची माहिती भरणं यातून त्यांना दर आठवड्याला दर घरी एक तास कुठून मिळणार, हा खरा अडसर आहे. अंगणवाड्यांतल्या ‘आरंभ’ उपक्रमात पालक मेळावे भरवून, खेळ मांडून आई-बापांना एकत्र शिकवण्याची वाट निवडली गेली. ती जमैकाइतकी खोल जाणार नाही, पण पोचते अधिक घरांत.

पुढची प्रकरणं घरी करता येण्याजोग्या खेळांची आहेत. मूल तीन वर्षांचं होऊनही बोलत नसेल, नजर देत नसेल, किंवा आईला स्वतःला जगणं नकोसं होत असेल, तर आधी डॉक्टर, मग हे पुस्तक. घरात मारहाण असेल तर आधी ती थांबायला हवी. अर्ध्या तासाच्या खेळानं ती झाकली जाऊ नये. पुस्तकात सगळीकडे ‘आई’ लिहिलं आहे, कारण अभ्यासांत भाग घेतलेले पालक बहुतांशी आयाच होत्या. गर्नींच्या मूळ योजनेत वडिलांनाही जागा होती, आणि यातला एकही खेळ वडिलांना किंवा आजोबांना न जमण्यासारखा नाही. अट फक्त एका वेळी एका मोठ्या माणसाची आणि एका मुलाची आहे. दोन खोल्यांच्या घरात ती पाळणं अवघड जातं, म्हणून धाकट्याला त्या अर्ध्या तासात कोणी सांभाळायचं आणि फोन कोणी उचलायचा, हे पहिल्या खेळाच्या आदल्या दिवशीच ठरवून टाकावं.